व्याह्यांना नुसतं बघायची परवानगी

कॉम्प्युटरशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते त्याच्या शिष्टाचाराशी. मुलीच्या वडलांना, भर दुपारी, जेवण झाल्या झाल्या, 'आपल्याला फक्त पाहण्याची परवानगी आहे' असं जे यंत्र तोंडावर सांगतं, ते बनवणाऱ्याच्या घरात सात पिढ्यांत लग्नकार्य झालेलं नसणार. पुढचं सगळं रामायण त्या एका वाक्यामुळे घडलं. माझा त्यात काही दोष नव्हता. म्हणजे होता, पण तो नंतर सापडला.

इंदूरच्या पोलोग्राउंडला आमची शेड आहे, दिघे डाय वर्क्स. आम्ही शेव मशीनच्या जाळ्या बनवतो. जाळी म्हणजे जाड पितळी चकती आणि तिला भोकं. मागून बेसन दाबलं की पुढून शेव कढईत पडते. लोक म्हणतात, भोकं पाडायला काय अक्कल लागते? त्यांनी पाडून बघावीत. ज्या शहरात पोह्यावर शेव पडल्याशिवाय सकाळ झाली असं कुणी मान्य करत नाही, तिथे भोक ही चेष्टेची गोष्ट नाही. आमच्या एका जाळीची शेव इतकी बारीक निघायची, की देवासच्या एका लग्नात आचाऱ्याने ती सुईत ओवून फाटका मांडव शिवला होता. मी स्वतः पाहिलंय. मांडव अजून टिकून आहे, फक्त मुंग्यांचा थोडा त्रास होतो.

तर अठ्ठ्याण्णव साली मंदसोरच्या झंवर सेठसाठी एक खास जाळी तयार झाली. तिच्यातून शेव तुटत नसे, चिकटत नसे, आणि कारखाना दिवसभर चालला तरी भोकं तुंबत नसत. ती जाळी कोणी डिझाइन केली, असं कुणी विचारलं की मी नम्रपणे खाली बघायचो. मग सांगायचो, की एकदा लालबागेत मधमाश्यांचं पोळं पाहत असताना मला ती सुचली. दर सांगण्यागणिक ते पोळं थोडं मोठं होत गेलं. गेल्या दिवाळीत ते पाण्याच्या टाकीएवढं झालं होतं.

खरं म्हणजे ती जाळी आमचे खरादी, म्हणजे लेथ चालवणारे, रामभाऊ यांनी केली. मी फक्त त्यांच्या खडूच्या रेघांवरून कागदावर नक्शा काढला आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'एस. दिघे' लिहिलं. अक्षर बारीकच होतं, पण होतं. त्या दिवसापासून रामभाऊ मला 'डिझायनर साहेब' म्हणतो. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, तरी रस्त्यात भेटला की पहिल्यांदा डिझायनर साहेब, मग रामराम.

आता धंदा माझी सून अनुश्री बघते. मुलगा यतीन कॉलेजात शिकवतो आणि लोखंड पाहिलं की त्याला शिंका येतात. त्याचं म्हणणं, शेड गोदामाला भाड्याने देऊन टाकावी. मोबाइलची कव्हरं विकणारा एक माणूस येऊन टेपने भिंती मोजूनसुद्धा गेला होता. माझ्यादेखत! मी खुर्चीवर बसलो होतो, तर म्हणतो कसा, "अंकलजी, ज़रा पैर हटाना." खुर्चीसकट मला मोजलं त्याने. अनुश्रीने यतीनकडून दिवाळीपर्यंतची मुदत मागून घेतली होती. तोवर एखादं बारमाही काम मिळालं तर शेड आपली, नाहीतर कव्हरांची.

आणि श्रावणात झंवर सेठचा फोन आला. त्याच जाळ्या पाहिजेत, बारा. माल मनासारखा निघाला तर दरवर्षी बारा.

अनुश्री आनंदाने कपाट उघडायला गेली. कपाटात अठ्ठ्याण्णव सालचा नक्शा नव्हता. नक्शाची चारही टोकं होती, मधला भाग उंदराने खाल्ला होता. त्याचं असं आहे, पूर्वी आम्ही प्रत्येक नवी शेव तळली की नक्शावरच काढून ठेवायचो, तेल टिपलं जातं म्हणून. पंचवीस वर्षं मुरलेला तो कागद उंदराला फरसाणच वाटला असणार. कोपऱ्यातलं 'एस. दिघे' मात्र त्याने सोडून दिलं होतं. उंदरालासुद्धा पचेना, असं रामभाऊ पुढे म्हणाला.

"काही हरकत नाही बाबा," अनुश्री म्हणाली, "डिझाइन तुमचंच आहे ना. आठवून सांगा, मी लिहून घेते. आणि आता हे सगळं क्लाउडवर टाकायचं. कपाट बंद."

'आठवून सांगा' हे मला परवडणारं नव्हतं, म्हणून मी 'क्लाउड'वर भांडायला सुरुवात केली.

"ते क्लाउड आहे कुठे?"

"आपण जागा भाड्याने घ्यायची. मोठाले कॉम्प्युटर त्यांचे, वीज त्यांची, राखणही त्यांची. एक प्रत मुंबईला राहील, एक हैदराबादला. एक जळली तरी दुसरी आहे. आपण स्वतःचा सर्व्हर घ्यायचा, त्याला एसी लावायचा, तो बिघडला की माणूस शोधायचा, हे काही नको. जेवढं वापरू तेवढंच भाडं. सांवेर रोडला जो आपली भोकं पाडून देतो, त्या मशीनवाल्यालाही आपली शीट थेट दिसेल. सेठना मंदसोरला बसून काम कुठवर आलं ते दिसेल. मी मशीन बघायला जाईन तेव्हा मला राजकोटहून दिसेल."

"म्हणजे आपले कागद दुसऱ्याच्या घरात?" हे शेजारच्या सुलोचनाबाई बोलल्या. त्या आमच्या चर्चेत नव्हत्या, त्या वाटी परत करायला आल्या होत्या. पण लोकमान्य नगरात वाटी परत करायला आलेल्या माणसाला मत देण्याचा अधिकार असतो.

आमच्या सौभाग्यवती मनोरमाबाईंनी तो प्रश्न एका वाक्यात मिटवला. "माझे दागिने नाही का तीस वर्षं माहेरी ठेवलेत? इथल्यापेक्षा तिथेच नीट आहेत."

ह्या उपमेत मला टोमणा जाणवला, पण क्लाउड म्हणजे काय ते मात्र लख्ख कळलं. पुढे कितीतरी जणांना मी क्लाउड असाच समजावून सांगितला. माहेर. आपलंच, पण आपल्या घरात नाही, आणि जाताना निरोप देऊन जावं लागतं.

विजयनगरला एक कंपनी ही व्यवस्था लावून देत होती. तिला पत्त्याचा पुरावा हवा होता. शेडचं वीजबिल अजून माझ्या आजोबांच्या नावावर येतं. आजोबा चौऱ्याहत्तर साली गेले, पण बिल कधी चुकवलं नाही. कंपनीतली स्पृहा नावाची मुलगी फार गोड बोलली. "सर, मग ग्रँडफादरची एक सेल्फी पाठवून द्या ना, लाइव्ह." मी म्हटलं, लाइव्ह जरा कठीण आहे. नाव बदलायला वीज कचेरीत गेलो, तर तिथले बाबू म्हणाले, "दादाजी का साइन लगेगा, दिघे जी. या वो खुद आ जाएं." मी म्हटलं, ते आले तर आधी तुमच्या टेबलावर येतील, मागच्या बिलाची तक्रार बाकी आहे त्यांची. बाबूंनी घाईघाईने दुसरा फॉर्म काढला. नवव्या दिवशी आजोबा वीजबिलातून मुक्त झाले आणि आम्ही क्लाउडवर चढलो.

आता आली आठवणीची पाळी. अनुश्री समोर लॅपटॉप घेऊन बसली. जाळीचा व्यास मला ठाऊक होता. भोकांची संख्या आठवत होती, एकशे ऐंशी. पुढून भोक २.२ मिलिमीटर, हेही पक्कं. पण ते तुंबू नये म्हणून रामभाऊने आतून जी काही करामत केली होती, ती मला तेव्हाही कळली नव्हती.

"आणि आतून, बाबा? सरळ भोक?"

रामभाऊला एक फोन केला असता तर काम झालं असतं. पण त्या फोनवर पहिलं वाक्य काय बोलणार? पंचवीस वर्षं वाढवलेलं ते पोळं असं एका फोनवर पाडायचं? मी डोळे मिटले, मधमाश्यांचं स्मरण केल्यासारखं केलं, आणि म्हणालो, "सरळ."

तिने 'सरळ' असं लिहिलं. वर म्हणाली, "ग्रेट बाबा!" मला तो शब्द टोचला. पण इतकाही नाही की मी तोंड उघडावं.

मग ती नवं मशीन बघायला आठ दिवस राजकोटला निघाली. जाताना माझ्या फोनवर सगळ्या किल्ल्या दिल्या. "लक्षात ठेवा, दोनच गोष्टी आहेत. कुणाला नुसतं बघू द्यायचं, कुणाला बदल करू द्यायचा. बदल करायचा हक्क मशीनवाल्यालासुद्धा द्यायचा नाही. कुणालाच नाही."

"मी काय लहान आहे?" मी म्हणालो. ती चपला घालायला वळली. सुना हुशार झाल्यात आजकाल.

दुसऱ्याच दिवशी उज्जैनहून शंकररावांचा फोन. शंकरराव म्हणजे अनुश्रीचे वडील, माझे व्याही, गणिताचे निवृत्त प्राध्यापक. माणूस सज्जन, पण वरणातसुद्धा दशांश शोधणारा. म्हणाले, "अनु सांगत होती, फार छान व्यवस्था केलीत. आम्हालाही दिसेल का?"

मी कौतुकाने त्यांना 'बघणारा' करून टाकलं. पाच मिनिटांनी पुन्हा फोन.

"श्रीहरीपंत, इथे लिहून आलंय, आपल्याला फक्त पाहण्याची परवानगी आहे."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"नाही, ठीक आहे. पाहतो," ते म्हणाले. "नुसतं पाहतो."

त्या 'नुसतं'मध्ये अख्ख्या मुलीकडच्या मांडवाचा सुस्कारा होता. मनोरमा शेजारी भाजी निवडत होती. तिच्या हातातली गवार थांबली.

"अहो! व्याह्यांना तुम्ही नुसतं बघा म्हणालात? पंगतीला बसवायचं, पान मांडायचं, आणि म्हणायचं हात लावू नका?"

"मी नाही म्हणालो, यंत्र म्हणालं."

"यंत्र कुणाचं?"

तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? एका बाजूला धंद्याचा नियम, दुसऱ्या बाजूला अठरा वर्षांचा मानपान. मी शंकररावांना बदल करणारा केलं.

ही गोष्ट घरातच राहती तर निभावलं असतं. पण मनोरमाने ती मानाची बातमी म्हणून सुलोचनाबाईंना सांगितली. सुलोचनाबाई म्हणाल्या, "चांगलंय की. माझ्या मिक्सरवर तुम्ही मागच्या गणपतीत सगळं वाटण वाटलंत. मी कुठे म्हटलं होतं, मिक्सर नुसता बघा?" त्यांनाही केलं. मग झंवर सेठचा फोन. "दिघे जी, मैं ग्राहक हूं, और मुझे शोकेस के बाहर खड़ा कर रखा है?" त्यांनाही केलं. शुभदाताई, म्हणजे माझी धाकटी बहीण, रुसण्याआधीच करून टाकलं. चौथ्या दिवशी रामभाऊचा फोन आला.

"काय डिझायनर साहेब! व्याही झाले, शेजारी झाले, मंदसोर झालं. चाळीस वर्षं खराद आम्ही चालवला, आम्हाला बघायलासुद्धा नाही का?"

माझ्या मनात जी चोरटी कळ होती, तिने माझं बोट लगेच बटणावर नेलं. त्यालाही केलं. आठवड्याच्या शेवटी माझ्या शीटला अकरा मालक होते. एवढे तर आमच्या शेडच्या सात-बाऱ्यावर नाहीत.

आता क्लाउडची एक गंमत आहे. एकाच कागदावर सगळे एकाच वेळी लिहू शकतात, आणि कोण कुठे आहे ते दिसतं. दुपारी चारला शीट उघडली की नावाच्या पाट्या लावलेले रंगीत कर्सर, म्हणजे उंदीरच, चौकटीचौकटीतून पळताना दिसायचे. हिरवे शंकरराव दशांश वाढवत होते, एकशे ऐंशीचं त्यांनी १८०.००० केलं. जांभळ्या सुलोचनाबाईंनी 'शेरा' ह्या रकान्यात लसूण शेवेची कृती घातली होती, आणि खाली 'ओवा भाजून घ्यावा'. शुभदाताईने त्याखाली विचारलं होतं, 'किती?' सेठनी लिहिलं होतं, 'राम राम सबको.' आणि एक केशरी उंदीर एकदाच आला, एका चौकटीत काहीतरी लिहून गेला आणि पुन्हा दिसला नाही. तो रामभाऊ. मी वाचायला गेलो तोवर ती चौकट पुन्हा पूर्वीसारखी 'सरळ' झाली होती.

मला खरं तर फार छान वाटत होतं. इतकी माणसं कित्येक वर्षांत आमच्या धंद्यात बोलली नव्हती. राजकोटला अनुश्रीला रोज बदलाच्या सूचना जात होत्या. तिला वाटलं, बाबा मेहनत करतायत.

सातव्या दिवशी सांवेर रोडच्या मशीनवाल्याचा फोन. "भिया, आपकी शीट से पहली जाली लगा रिया हूं. पर ये छेद तो इत्ते बड़े हैं कि एक सौ अस्सी बैठेंगे ही नीं."

आता कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, थांब, बघतो. पण त्या 'भिया'त, म्हणजे आमच्या इंदुरी 'भैया'त, मला ऐकू आलं, की म्हाताऱ्याला कॉम्प्युटर कळत नाही. माझा स्वाभिमान खुर्चीतून उठला. मी म्हणालो, "सुनो, ये क्लाउड से आया है. एक प्रत मुंबई में है, एक हैदराबाद में. दोनों गलत होंगे क्या?"

"तो कित्ते छेद करूं?"

"जितने बैठें, उतने बिठा दो!"

आठव्या दिवशी तीन गोष्टी एकदम आल्या. राजकोटहून अनुश्री, सांवेर रोडहून जाळी, आणि एका लग्नासाठी इंदूरला आलेले झंवर सेठ. "चलो, पहली धार अपनी आंख से देखेंगे," असं म्हणत ते थेट शेडमध्ये येऊन बसले. बेसन भिजवलेलं होतं, कढई तापली होती. अनुश्रीने जाळीवरचा कागद काढला आणि तिचा चेहरा पितळेपेक्षा पिवळा झाला.

जाळीला सात भोकं होती. प्रत्येक भोकातून माझा अंगठा आरपार गेला. मी घालून बघितला म्हणून सांगतो.

आणि हे सेठला दाखवू नये एवढीही अक्कल आम्हाला सुचायच्या आत हौशी कारागिराने ती मशीनला चढवून हँडल दाबलं. कढईत मनगटाएवढे सात पिवळे दंडगोल एकामागून एक धपाधप पडले. त्यातला एक बाहेर उडाला, शेडच्या दारातून रस्त्यावर गेला आणि तिथून जाणाऱ्या रिक्षाच्या चाकाखाली आला. रिक्षा थांबली, शेव थांबली नाही. पोलोग्राउंडच्या चौकापर्यंत घरंगळत गेली, असं लोक म्हणतात. मी चौकापर्यंत गेलो नाही, मी तेव्हा तोंड लपवायला जागा शोधत होतो.

सेठ शांतपणे उठले. "दिघे जी, ये सेव है कि बेलन?" मग अनुश्रीकडे वळून म्हणाले, "बेटा, तुमसे बहुत उम्मीद है. तीन दिन. उसके बाद मैं राजकोट से मंगवा लूंगा." तिने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण तिने ते माझ्यासमोर पुसले नाहीत. त्यापेक्षा ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी त्याच दुपारी सगळ्यांना शेडमध्ये बोलावलं. शंकरराव उज्जैनहून बसने आले. सुलोचनाबाई, शुभदाताई, मनोरमा, सगळे खुर्च्यांवर. रामभाऊ खरादाला टेकून उभा राहिला. मी उभ्याने भाषण केलं. विश्वासावर बोललो. मानपानावर बोललो. "कुणीतरी," मी शंकररावांकडे न बघता, पण ते दिसतील इतक्या जवळून म्हणालो, "कुणीतरी ह्या दशांशाशी खेळलंय."

शंकरराव ताठ झाले. "श्रीहरीपंत, मी आयुष्यात दशांश वाढवलेत. काढला एकही नाही."

"बाबा, भांडायला नको," अनुश्री म्हणाली. तिने लॅपटॉप भिंतीवरच्या टीव्हीला जोडला. "कुणी, केव्हा, काय बदललं, ते सगळं हे जपून ठेवतं. पुसलेलंसुद्धा."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर सभा घेतली नसती.

टीव्हीवर एकेक दिवस उलटा चालू लागला. लसूण शेव आली. 'किती?' आलं. मग आलं: मंगळवार, दुपारी चार वाजून बारा मिनिटं. २.२ चं २२. बदल करणारा: श्रीहरी दिघे.

सगळ्या खुर्च्या माझ्याकडे वळल्या.

आणि मला आठवलं. मंगळवारी मी फोन बघत होतो, आणि त्या दोन आकड्यांच्या मधोमध एक काळा ठिपका दिसला. आम्ही इंदूरचे. स्वच्छतेत देशात पहिला नंबर लावणारी माणसं. रस्त्यात चॉकलेटचा कागद दिसला तर खिशात घालून घरी आणतो, ओला वेगळा, सुका वेगळा. इतक्या स्वच्छ शीटमध्ये एक ठिपका? मी आधी रुमालाने पुसला. जाईना. मग नखाने. मग खालचं एक बटण दाबलं आणि गेला. मला त्या दिवशी फार प्रसन्न वाटलं होतं.

हे मी खरंखुरं सांगितलं. सगळ्यात आधी शंकरराव हसले. मग सुलोचनाबाई. मनोरमाने पदर तोंडाला लावला. अनुश्रीसुद्धा हसली, पण लगेच थांबली.

"हे ठीक करता येईल," ती म्हणाली. "एक बटण दाबलं की २.२ परत. पण नुसतं तेवढ्याने नाही भागणार. बाबा, सरळ भोक पाडलं तर जाळी तासाभरात तुंबते. मी राजकोटला विचारलं सगळ्यांना. अठ्ठ्याण्णवची का नव्हती तुंबत?"

मी मधमाश्यांचं स्मरण करायला डोळे मिटणार, तेवढ्यात टीव्हीवर आणखी एक जुनी ओळ वर सरकली. रविवार. 'सरळ' खोडून लिहिलेलं: 'मागून दीड सूत. पुढून पाऊण सुताला जरा कमी. मधे उतार. उताराला पॉलिश.' बदल करणारा: रामभाऊ. आणि तिच्याखाली, सात मिनिटांनी, ती ओळ पुसलेली. पुन्हा 'सरळ'. बदल करणारे: प्रा. शंकरराव.

"सूत हे शास्त्रीय एकक नाही," शंकरराव पुटपुटले. आता त्यांचे कान लाल झाले होते.

"शास्त्रीय नसेल सर," रामभाऊ म्हणाला, "पण एका इंचात आठ बसतात. चाळीस वर्षं बसतायत."

शंकररावांनी खिशातून पेन काढलं, तळहातावर आकडेमोड केली. "दीड सूत म्हणजे चार पूर्णांक सात सहा... मागून रुंद, पुढून अरुंद. म्हणजे बेसन अडकायला जागाच नाही!" ते उठून रामभाऊजवळ गेले. "अहो, हे सुंदर आहे. हे सुचलं कुणाला?"

अनुश्रीने माझ्याकडे बघितलं. रामभाऊने जमिनीकडे. चाळीस वर्षांची सवय. तो बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. मी काही म्हणालो नसतो तर ते पोळं तसंच राहिलं असतं, टाकीएवढं. माझं तोंड उघडलं, आणि मी म्हणालो, "आधी जाळी करा. तीनच दिवस आहेत." एवढंच जमलं. माणूस एका दिवसात दोनदा पडू शकत नाही, मधे एक चहा लागतो.

ती जाळी रामभाऊने स्वतः सांवेर रोडला उभं राहून करून घेतली. उताराला पॉलिश हाताने मारलं, आणि भिया बाजूला उभा राहून बघत होता. तिसऱ्या दिवशी सेठ आले. हँडल दाबलं. कढईत एकशे ऐंशी सोनेरी धारा पडल्या, एकही तुटली नाही. सेठनी गरम शेव उचलली, फुंकर मारली, खाल्ली. बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "अठ्ठानवे!" दरवर्षी बारा जाळ्या, असं त्यांनी तिथेच लिहून दिलं, शीटमध्येच, 'राम राम'च्या खाली.

टेपवाला पुन्हा आला होता, त्याला यतीनने स्वतः चहा पाजून परत पाठवलं. शिंकत शिंकत, पण स्वतः.

अनुश्रीने मग शीटचा कारभार हाती घेतला. शंकररावांना तिने समजावलं, "अप्पा, इथे नुसतं बघणं म्हणजे अपमान नाही, परीक्षकपद आहे." ते खूष झाले. सुलोचनाबाईंसाठी वेगळी शीट उघडली, तिच्यात आता सदतीस कृती आहेत आणि शुभदाताईचे सदतीस 'किती?' आहेत. रामभाऊला तिने पक्का बदल करणारा केलं, आणि नव्या कारागिरांसाठी त्याचं सगळं डोक्यातलं ज्ञान, सुतासकट, ती रोज अकरा वाजता त्याच्यासमोर बसून क्लाउडवर चढवते.

"आणि मी?" मी विचारलं.

"तुमच्यासाठी एक तिसरा प्रकार आहे बाबा. आकड्याला हात लावता येत नाही. बाजूला शेरा मारता येतो."

मला राग यायला हवा होता. पण मग विचार केला, पन्नास वर्षं ह्या घरात मी दुसरं काय केलं? आता त्याला अधिकृत मान्यता तरी मिळाली.

एका सकाळी मी ती अठ्ठ्याण्णवची जाळी उघडली. अनुश्रीने नवा नक्शा सुंदर काढला होता, आणि कोपऱ्यात, जुन्या कागदावरून उतरवून, 'एस. दिघे' तसंच ठेवलं होतं. मी चष्मा पुसला. बाजूच्या पट्टीत एकेक अक्षर दाबत माझा पहिला शेरा लिहिला: 'हा साचा रामभाऊंनी केला. मी फक्त नक्शा काढला. पोळं खोटं आहे. नाव बदलावे.'

पाठवून टाकलं आणि फोन उशीखाली ठेवला. पंधरा मिनिटांनी काढून बघितला. कोपऱ्यात आता 'रामभाऊ' होतं. माझा शेरा पुसट झाला होता आणि त्याच्यावर तिने हिरवी खूण केली होती. मी मनोरमाला विचारलं, ह्याचा अर्थ काय?

"वाचलं, आणि केलं," ती म्हणाली. "आता गप्प बसा."

एवढ्या वर्षांच्या संसारात मी हजारो शेरे मारले. 'वाचलं आणि केलं' अशी पोच मला पहिल्यांदाच मिळाली. मी लगेच दुसरा लिहायला घेतला.